एडिंबरोच्या माळ्याचे पत्र

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर असे आहे) एक वैदिक संमेलन भरले होते. त्या निमित्ताने केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याच्या तत्कालीन राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लेखी नमूद नाही आणि तोंडीही कोणी सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे गृहस्थ एके काळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा आग्रह त्यांच्या अंगवळणी पडला असावा. मात्र कित्येक खून प्रत्यक्षदर्शी साक्षीदारावाचून, निव्वळ परिस्थितिजन्य पुराव्यावर सिद्ध होतात, याचा त्यांना नेमका त्याच दिवशी विसर पडला.

या विधानाला देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदनाने उत्तर दिले व ते योग्यच झाले. पण प्रकरण तेथे मिटले नाही. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणातील उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी सह्या करून निषेध केला, तेव्हा हा विषय बारावीत आहेच, असे त्यांना सांगण्यात आले. या उत्तराकडे मी लेखाच्या शेवटी येईन. आधी मंत्रिमहोदयांच्या प्रश्नाकडे वळू. कोणी पाहिले?

पाहिले गेले आहे. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, आणि आजच्या माकडाचा माणूस होतो असे डार्विन म्हणतही नव्हता. परंतु जीवजातींच्या सीमारेषा आपण समजतो तितक्या अढळ नाहीत, एका पिढीचे गुण पुढच्या पिढीत काही नियमाने उतरतात, हे माणसांनी डोळ्यांनी पाहिले. ते कुंड्यांत पाहिले, वाफ्यांत पाहिले, एका मठाच्या परसबागेत पाहिले. आणि ज्यांनी पाहिले त्यांनी ते एकमेकांना पत्रांनी कळवले. ही पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. एकट्या डार्विनची सुमारे पंधरा हजार पत्रे सापडली असून त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. १९७४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झालेला त्यांच्या संपादनाचा प्रकल्प २०२३ मध्ये तिसाव्या खंडाने पुरा झाला.

एवढा पत्रव्यवहार शक्य कसा झाला, याचे एक कारण निव्वळ आर्थिक आहे आणि विज्ञानाचे इतिहासकार त्याला द्यावे तितके महत्त्व देत नाहीत. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले. त्याआधी अंतराप्रमाणे आकार पडे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. गरीब माणसाला पत्र येणे म्हणजे संकटच होते. पेनी पोस्टनंतर गावोगावचे शाळामास्तर, पाद्री, कबुतरे पाळणारे, बी-बियाणे विकणारे आणि बागेतील माळी यांना विद्वानांच्या दारात पाऊल टाकणे निदान कागदावर शक्य झाले. दार उघडणे न उघडणे अर्थातच विद्वानांच्या हाती राहिले. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

डार्विनच्या पत्रांतील ठळक टप्पे आपल्या वाचकांना ठाऊक असतील, म्हणून ते थोडक्यात सांगतो. जानेवारी १८४४ मध्ये त्याने जोसेफ हूकर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, जीवजाती बदलतात असे आपल्याला वाटू लागले आहे, असे भीत भीत सांगितले. खुनाची कबुली दिल्यासारखे वाटते, असा त्या वाक्याचा सूर होता. (पोलीस आयुक्तांनी येथे तरी कान टवकारावेत.) सप्टेंबर १८५७ मध्ये अमेरिकेतील आसा ग्रे या हार्वर्डच्या प्राध्यापकाला त्याने आपल्या सिद्धांताचा सारांश कळवला. पुढच्याच वर्षी मलायी द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचा निबंध आला. त्यात तोच सिद्धांत होता. मग हूकर व लायेल यांनी ग्रेला लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचवून घेतले. वॉलेसला कोणी विचारले नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, भूमापनाचे काम केलेला, पाखरे व किडे जमवून ते विकून पोट भरणारा हा माणूस हजारो मैल दूर होता हे खरे. पण तो हूकरच्या वर्गातला असता तर पत्राच्या उत्तराची वाट पाहिली गेली असती, असे मला वाटते. वॉलेसने मात्र कधी तक्रार केली नाही. तो पुढे जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कर्ता झाला, आणि उतारवयात त्याने स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवून घेतले.

येथे एका जुन्या गैरसमजाचा निकाल लावतो, कारण तो आपल्या अभ्यासवर्गांतून अजूनही ऐकू येतो. मार्क्सने ‘भांडवल’ डार्विनला अर्पण करण्याची इच्छा दर्शवली व डार्विनने ती नाकारली, ही कथा खरी नाही. मार्क्सने १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाची प्रत डार्विनला पाठवली होती आणि डार्विनने सभ्यपणे आभार मानले होते. त्या प्रतीची बरीचशी पाने कापलीच गेली नाहीत. नकाराचे १८८० मधील जे पत्र दाखवले जाते ते एडवर्ड अॅव्हलिंग याला लिहिलेले आहे. तो पुढे मार्क्सच्या मुलीचा साथी झाला आणि मार्क्सच्या कागदांत ते पत्र मिसळले. १९७० च्या दशकात संशोधकांनी हा गुंता सोडवला. थोर माणसांनी एकमेकांना ओळखलेच पाहिजे, असा आपला हट्ट असतो. इतिहासाला त्याची पर्वा नसते.

डार्विनने उत्क्रांतीच्या प्रश्नासाठी वनस्पतींकडे मोर्चा वळवला, कारण वनस्पतीचा संकर करणे सोपे असते, एका फळात पुष्कळ बी मिळते आणि वर्षा-दोन वर्षांत पुढची पिढी हाती येते. शिवाय ‘जीवजातींचा उगम’ प्रसिद्ध झाल्यावर त्याचा मित्र हक्सली याने एक अडचण काढली होती. घोडा व गाढव यांची संतती वांझ निघते, म्हणजे त्या दोन जाती झाल्या. पण माणसाने निवड करून घडवलेल्या कोणत्याही दोन वाणांचा संकर असा वांझ झाल्याचे दिसत नाही. तसे जोवर दिसत नाही, तोवर निवडीने नवी जाती निर्माण होते याला शेवटचा पुरावा मिळाला असे म्हणता येणार नाही, असे हक्सलीचे म्हणणे होते. ही मित्राने काढलेली अडचण असल्यामुळे ती अधिक बोचणारी होती. तिचे उत्तर शोधताना डार्विन प्रिम्युलाच्या फुलाकडे वळला. या फुलाची झाडे दोन प्रकारची असतात. काहींत कुक्षिवृंत लांब व पुंकेसर खाली, तर काहींत कुक्षिवृंत आखूड व पुंकेसर वर. एकाच जातीची ही दोन रूपे. लांब वृंताच्या फुलावर आखूड वृंताच्या फुलाचा पराग पडला म्हणजे बी भरपूर धरते. आपल्याच रूपाचा पराग पडला तर ते कमी धरते. म्हणजे वांझपण हे दोन जातींमधील दैवी कुंपण नसून एकाच जातीच्या घरातही ते कमीअधिक प्रमाणात नांदू शकते, हे त्यातून दिसत होते.

नोव्हेंबर १८६२ मध्ये, डार्विन या उद्योगात असताना त्याला एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानातून जॉन स्कॉट नावाच्या माणसाचे पत्र आले. हा स्कॉट जन्माने शेतकऱ्याच्या घरचा, वयाने सव्वीसच्या आसपासचा. निरनिराळ्या मोठ्या घरांच्या बागांत माळीकाम करत तो एडिंबरोला आला होता आणि रोपे तयार करण्याच्या विभागात फोरमन होता. विद्यापीठाची पदवी नाही, कोण्या संस्थेचे सदस्यत्व नाही. त्याच वर्षी डार्विनचे आमरीच्या फुलांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यात अॅक्रोपेरा नावाच्या आमरीची आपण पाहिलेली झाडे केवळ नर असली पाहिजेत, असा निष्कर्ष डार्विनने काढला होता. स्कॉटने कळवले की मी त्या फुलाच्या कुक्षीत पराग घातला आणि फळ धरले. म्हणजे डार्विन चुकला होता. जगप्रसिद्ध ग्रंथकाराची चूक एका बागेच्या फोरमनने दाखवली होती, आणि तीही कुंडीतले फळ दाखवून.

डार्विनने तातडीने उत्तर लिहिले. मनापासून आभार मानले, आणि आपण येथे चुकलो असू तर दुसऱ्या एका आमरीविषयीच्या निष्कर्षातही चूक असण्याची भीती वाटू लागली आहे, असे मोकळेपणाने कबूल केले. मग पत्रांमागून पत्रे गेली. प्रिम्युला, कृष्णकमळाच्या कुळातील वेली, व्हर्बॅस्कम यांवर कोणते प्रयोग करता येतील, बी कसे मोजावे, कोणती फुले जाळीने झाकावीत, हे सारे डार्विन या माळ्याला बरोबरीच्या नात्याने लिहीत होता. नोकरीतून उरलेल्या वेळात स्कॉट परागसिंचन करी, बी मोजी. त्या अॅक्रोपेराच्या एका फळात साडेतीन लाखांहून अधिक बी असल्याचा हिशेब त्यानेच केला. डार्विनने हूकरकडे त्याची तोंड भरून स्तुती केली. प्रिम्युलाच्या कुळावरील त्याचा निबंध फेब्रुवारी १८६४ मध्ये लिनियन सोसायटीत वाचला गेला, तो डार्विनच्याच मार्फत.

या पत्रव्यवहारातील एका सल्ल्यापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. डार्विन स्कॉटला लिहितो, की सिद्धांताने तुमच्या निरीक्षणाला वाट जरूर दाखवावी, पण तुमचे नाव प्रस्थापित होईपर्यंत छापील लेखात सिद्धांत फार मांडू नका, कारण मग लोक तुमच्या निरीक्षणाविषयीच शंका घेतात. आपणही तरुणपणी भूगर्भशास्त्रात ही चूक केली होती, अशी पुस्ती तो जोडतो. सल्ला प्रेमाचा आहे आणि व्यवहारतः अचूक आहे. पण तो कोणत्या जगासाठी अचूक आहे, हे पाहा. त्या जगात माळ्याने मोजावे आणि साहेबाने अर्थ लावावा. डोळे आणि हात खालच्या माणसाचे चालतील, डोके चालणार नाही. डार्विन ते जग बदलायला निघाला नव्हता. त्या जगात आपल्या माणसाला इजा होऊ नये एवढेच तो पाहत होता.

इजा व्हायची ती झालीच. एडिंबरोत वरिष्ठांशी स्कॉटचे जमेना आणि १८६४ मध्ये त्याने नोकरी सोडली. डार्विनने हूकरकडे शब्द टाकला, पण क्यू येथील उद्यानात त्याला जागा मिळाली नाही. साम्राज्याकडे अशा माणसांसाठी एक ठरलेले उत्तर होते. ते म्हणजे हिंदुस्थान. प्रवासाचे भाडे डार्विनने दिले. स्कॉट आधी सिंकोनाच्या मळ्यावर व नंतर कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लागला. तेथूनही तो डार्विनला निरीक्षणे पाठवत राहिला. व्हर्बॅस्कमवरील त्याचा निबंध १८६७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. डार्विनच्या गांडुळांवरील १८८१ च्या पुस्तकात कलकत्त्याच्या गांडुळांच्या विष्ठेची मापे आहेत, ती स्कॉटची. स्वतः स्कॉट ते पुस्तक निघण्याआधीच, १८८० मध्ये वारला.

येथवर ही कथा सांगून थांबलो असतो, तर वाचकांना ती आवडली असती. गुणी श्रमिक, उदार विद्वान, अडसर घालणारी व्यवस्था. पण कलकत्त्यातील स्कॉट वेगळा आहे. तेथे तो साहेब आहे. डार्विनने मनुष्याच्या भावनांच्या आविष्काराविषयी एक प्रश्नावली जगभर पाठवली होती, तिचे उत्तर स्कॉटने उद्यानात काम करणाऱ्या निरनिराळ्या जमातींच्या लोकांना पाहून दिले. १८७२ च्या पुस्तकात त्याने कळवलेला एक प्रसंग आहे. उद्यानातील एका माळ्याची अगदी तरुण बायको मरणोन्मुख मूल घेऊन बसली होती. पुस्तकात तिला नागपूरकडची ‘धांगर’ म्हटले आहे. हा आपला धनगर नव्हे आणि नागपूरही बहुधा आपले विदर्भातले नव्हे. छोटा नागपूरहून कलकत्त्याकडे मजुरीला जाणाऱ्या आदिवासींना त्या काळी हे नाव असे. स्कॉट झाडांच्या आडोशाला उभा राहून काही वेळ तिला न दिसता तिचा चेहरा पाहत होता. भुवया आतल्या टोकाला उचललेल्या, कपाळाच्या मध्यावर आठ्या, ओठांचे कोपरे खाली ओढलेले, हे सारे त्याने टिपले. मग तो आडोशातून बाहेर आला आणि तिच्याशी बोलला. ती दचकली, धाय मोकलून रडू लागली आणि माझे मूल बरे करा म्हणून त्याची विनवणी करू लागली. प्रसंग तेथे संपतो. पुढच्या ओळीत पुस्तक दुसऱ्या निरीक्षणाकडे वळते. त्या मुलाचे काय झाले, हे पुस्तकात नाही.

एडिंबरोत ज्याला कोणी माणसात धरत नव्हते, तो माळी कलकत्त्यात दुसऱ्या माळ्याच्या बायकोकडे झाडाआडून पाहत होता. मला स्कॉटचा राग करायचा नाही. त्या ओळींतही एक ओलावा आहे, त्याने त्या बाईला बिचारी म्हटले आहे. पण पत्र लिहिणारा आणि पत्राचा विषय होणारा, यांतील अंतर त्या काळी कोणत्याही पेनी पोस्टने तुटण्यासारखे नव्हते. स्कॉटचे शेवटचे मोठे काम म्हणजे सरकारच्या अफू खात्यासाठी केलेले अफूच्या लागवडीवरील प्रयोग. त्यावर त्याची पुस्तिका १८७७ मध्ये निघाली. बिहारमधील रयतेकडून सरकारने ठरवलेल्या भावाने अफू घेऊन ती चीनच्या गळ्यात मारण्याचा तो धंदा होता. प्रिम्युलाचे बी मोजणारे हात तेथे पोहोचले होते.

आता दुसरे पत्र. ते ३१ डिसेंबर १८६६ चे आहे आणि ते ब्रुनच्या मठातून म्युनिकला गेले. लिहिणारा ग्रेगोर मेंडेल. त्याचा बाप सायलेशियातील अल्पभूधारक शेतकरी होता आणि आठवड्यातले तीन दिवस त्याला जमीनदाराकडे वेठीला राबावे लागे. झाड अंगावर पडून बाप जायबंदी झाला, तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्याच्या वाट्यातून भावाचे शिक्षण चालू ठेवले. मठात जाण्यामागे पोटाची विवंचना होती. शिक्षकाच्या परीक्षेत तो दोनदा अपयशी झाला. १८५६ पासून आठ वर्षे त्याने वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार झाडे वाढवली. गोल बी आणि सुरकुतलेले बी यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सारे बी गोल निघते. त्या पिढीला आपोआप फळू दिले की सुरकुतलेले बी पुन्हा प्रकट होते. मेंडेलने ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले मोजले, म्हणजे तिनास एक. नाहीसा झालेला गुण मेलेला नव्हता, तो दडून बसला होता. यातून त्याने आनुवंशिकतेचे नियम काढले, १८६५ मध्ये ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले, १८६६ मध्ये ते छापून आले, आणि छापील प्रत त्याने कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रातील तत्कालीन महर्षींना पाठवली.

नेगेलींचे उत्तर सुमारे दोन महिन्यांनी आले. तुमचे काम पुरे झालेले नाही, खरे म्हणजे आताच सुरू झाले आहे, असा त्याचा आशय होता. तुमची सूत्रे केवळ अनुभवाने काढलेली आहेत, तर्काने सिद्ध झालेली नाहीत. मेंडेलने नम्रपणे उत्तर दिले आणि त्यांनी स्वतः पेरून पाहावे म्हणून बियांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पुड्या पाठवल्या. या पुड्यांनी नेगेलींचे मत तसूभरही बदलले नाही. उलट त्यांनी आपल्या आवडीच्या हिएरॅशियम या रानफुलावर प्रयोग करण्याचा सल्ला दिला, आणि मेंडेलने तो शिरोधार्य मानला. हे फूल अतिशय बारीक. आरसा व भिंग घेऊन त्याचे परागकोश काढताना मेंडेलचे डोळे बिघडले. आणि निष्कर्ष वाटाण्याच्या नेमके उलट निघाले. संकराची संतती विभागेचना, आईसारखीच निघत राहिली. कारण या वनस्पतीत बरेचसे बी मुळी फलनाशिवायच धरते. पण हे विज्ञानाला कळायला १९०३ साल उजाडावे लागले. १८७० मध्ये मेंडेलने ते निष्कर्ष प्रामाणिकपणे, आपल्या विरुद्ध जात असताही, छापले. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला होता. पुढची वर्षे सरकारने मठांवर बसवलेल्या कराशी भांडण्यात गेली. पत्रव्यवहार १८७३ मध्ये थांबला, मेंडेल जानेवारी १८८४ मध्ये वारला. त्याच वर्षी नेगेलींचा उत्क्रांतीवरील जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात मेंडेलचे नाव नाही. त्याचे काम जगापुढे आले ते १९०० मध्ये, आणि ते पुढे आणणाऱ्यांपैकी एक, कॉरेन्स, हा नेगेलींचाच शिष्य. आपल्या गुरूला आलेली मेंडेलची पत्रे त्यानेच १९०५ मध्ये प्रसिद्ध केली.

नेगेली दुष्ट नव्हते. त्यांनी उत्तरे दिली, रोपे पाठवली, सात वर्षे पत्रव्यवहार ठेवला. फक्त त्यांचा एक सिद्धांत आधीच तयार होता आणि मोरावियातल्या एका पाद्र्याने केलेली मोजदाद त्यात बसत नव्हती. डार्विनचाही सिद्धांत तयार होता, पण अॅक्रोपेराचे एक फळ येताच त्याने आपले छापलेले वाक्य मागे घेतले. दोघांतील फरक स्वभावाचा म्हणावा तर तेवढाच आहे. त्यासाठी जगाला पस्तीस वर्षे मोजावी लागली.

वरच्या वर्गाचा विद्वान खालच्या माणसाचे ऐकत नाही, हे आपल्याला पटायला वेळ लागत नाही. आपले व्यासपीठच त्यासाठी आहे. पण याच मेंडेलची दुसरी हत्या समाजवादाच्या नावाने झाली, हे लिहिताना आपली लेखणी अडखळते, आणि ती अडखळू नये म्हणून हा लेख लिहिला. १९२७ मध्ये ‘प्रावदा’ने लायसेंको या शेतकऱ्याच्या मुलाचा अनवाणी प्राध्यापक म्हणून गौरव केला. त्याच्याजवळ मोजदाद नव्हती, घोषणा होत्या. गहू थंडीत भिजत ठेवून त्याचा स्वभाव पालटता येतो आणि तो पालटलेला स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो, असे तो सांगे. आनुवंशिकतेचे शास्त्र हे पाद्र्याने काढलेले भांडवलदारी शास्त्र ठरवण्यात आले. त्याला विरोध करणारा निकोलाय वाविलोव हा व्यापाऱ्याचा मुलगा. पण जगभर हिंडून पिकांची बियाणी गोळा करण्यात, दुष्काळ कायमचा हटावा म्हणून, त्याने आयुष्य वेचले होते. ऑगस्ट १९४० मध्ये त्याला अटक झाली आणि २६ जानेवारी १९४३ रोजी तो सारातोवच्या तुरुंगात मेला. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याच्या संस्थेतील माणसे धान्याच्या बियाण्यांच्या पोत्यांशेजारी उपासमारीने मेली, पण त्यांनी बियाणे खाल्ले नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये तर मेंडेलच्या शास्त्रावर सोव्हिएत संघात अधिकृत बंदीच आली. इंग्लंडात जे. बी. एस. हॉल्डेन, स्वतः या शास्त्राचा प्रकांड पंडित आणि कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, काही काळ सारवासारव करत राहिला, मग पक्षापासून दूर झाला. १९५७ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

अनवाणी असणे हे जर सत्याचे प्रमाण असते, तर लायसेंको खरा ठरला असता आणि स्कॉट कलकत्त्यात निराळा वागला असता. वेठबिगाराच्या मुलाचे शास्त्र कामगारांच्या राज्यात भांडवलदारी ठरले आणि त्याचे बी बाळगणारा माणूस तुरुंगात उपाशी मेला. आपल्यापैकी काहीजण म्हणतील की ते स्टालिनचे पाप, लोकशाही समाजवाद्यांचा त्याच्याशी संबंध काय? संबंध इतकाच, की तालुक्याच्या कार्यकर्त्याचे पत्र वरच्या समितीकडे येते, त्यात आपल्या ठरावाच्या विरुद्ध जाणारे आकडे असतात, तेव्हा आपले पहिले वाक्य काय असते ते प्रत्येकाने आठवून पाहावे. मी काही वर्षे अशी पत्रे उघडण्याचे काम केले आहे. ‘तुमचे काम पुरे झालेले नाही’ हे वाक्य मीही लिहिले आहे.

आता एनसीईआरटीच्या उत्तराकडे. उत्क्रांती बारावीत आहेच, हे खरे आहे. पण ती बारावीच्या जीवशास्त्रात आहे. कला शाखेला, वाणिज्य शाखेला, आयटीआयला जाणारा मुलगा तेथे पोहोचत नाही. दहावीनंतर शेतावर, गॅरेजमध्ये किंवा सासरी जाणारी मुले-मुली तर नाहीतच नाहीत. विज्ञान सर्वांना सारखे शिकवण्याची शेवटची पायरी दहावीची. त्या पायरीवरून हा विषय उचलणे म्हणजे डॉक्टर होणाऱ्यांना उत्क्रांती आणि बाकीच्यांना वैदिक संमेलन, अशी वाटणी करणे आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. पुस्तके बदलत राहतात. पुढच्या पुस्तकांतून तो पाठ गळणार नाही यावर शिक्षक संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे, आणि पक्षाच्या आमदारांनी, जेथे असतील तेथे, प्रश्न विचारला पाहिजे.

दरम्यान आपल्या हाती एक गोष्ट आहे. ज्या शाखांच्या अभ्यासमंडळात कोणाची हातभर जमीन असेल, त्यांनी गोल बियांचा आणि सुरकुतलेल्या बियांचा असे दोन शुद्ध वाण कृषी महाविद्यालयातून मिळवावेत. फूल उमलण्याआधी कळी उघडून पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग कुंचल्याने लावायचा, वर कापडी पिशवी बांधायची. पहिल्या हंगामात सारे बी गोल मिळेल. ते पुढच्या हंगामात पेरून शेंगा सोलायला सगळ्यांनी बसावे आणि मुलांकडून मोजून घ्यावे. किती गोल, किती सुरकुतलेले, ते आम्हाला पत्राने कळवावे. आकडे तिनास एक येतील तसे छापू, आणि न आल्यास तेही छापू. वाटाण्याची पेरणी आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते.